एसटीच्या वेगाचा उजेड
ऊन अंग भाजतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत उजेडच रुबिडियमचे अणू गारठवतो. समोरून येणाऱ्या अणूला लेझरचे फोटॉन धक्के देत राहतात, त्याचा वेग मरतो, तापमान उणे २७३ अंशांच्या काठाला जातं. पुढची गंमत उलटी: तिथं अणूच उजेडाचा वेग मारतात. १९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ यांच्या गटानं अतिशीत सोडियमच्या ढगावर एक जादा लेझर टाकला. एरवी अपारदर्शक असलेल्या ढगातून प्रकाश आरपार गेला, पण सेकंदाला जेमतेम १७ मीटरनं! या चालीनं कोल्हापूर-पुणे पावणेचार तास. आपली एसटी साताऱ्यात चहाला थांबली, तर मागे पडेल एवढंच. २००१ मध्ये तर हाऊंनी प्रकाशाचा स्पंद ढगातच थांबवला आणि मग पुन्हा सोडून दिला.