राजचिन्हावरील गलबत

कुवेत 19 जून 1961 रोजी स्वतंत्र झाले आणि 1962 मध्ये त्या राष्ट्राने आपले राजचिन्ह ठरविले: पंख पसरलेला ससाणा आणि त्या पंखांमध्ये लाटांवर चाललेले शिडाचे गलबत. त्या वेळी कुवेतची संपत्ती भूगर्भातील तेलातून येत होती. 1946 मध्ये तेलाची निर्यात सुरू झाल्यावर गलबतांचा धंदा झपाट्याने बसला होता. उत्पादनातून बाद झालेले साधनच राष्ट्राचे प्रतीक ठरावे, हा योगायोग नव्हे. समुद्रावरच्या गलबतावर मजूर असतो, हिशेब असतो, तंटा असतो. चित्रातील गलबतावर कोणीच नसते.

या गलबताला तेथे 'बूम' म्हणतात. त्याचे सागवान मलबारच्या किनाऱ्यावरून जाई. ते बसऱ्याकडील खजूर भरून हिंदुस्थानच्या बंदरांत येई. आखातातील मोती विकले जात ते प्रामुख्याने मुंबईच्या बाजारात, आणि 1961 पर्यंत कुवेतचे व्यवहारही रुपयांत चालत. आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' आणि तेथील 'नोखदा' हे एकाच फारसी शब्दाचे वंशज आहेत.

या व्यापाराचा पाया होता कर्ज. मोत्यांचा हंगाम सुमारे चार महिन्यांचा. त्याआधी पाणबुड्याला घरखर्चासाठी उचल मिळे. हंगामाअखेर त्याच्या वाट्यातून ती वळती होई आणि बहुधा बाकी उरेच. ती फिटेपर्यंत त्याला दुसऱ्या नोखद्याकडे जाता येत नसे. तो मेला तर बाकी मुलाच्या नावावर चढे. नोखदाही बहुधा व्यापाऱ्याचा ऋणको असे. 1938-39 मध्ये कुवेतच्या बूमवरून प्रवास केलेले ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी ॲलन व्हिलियर्स यांनी ही कर्जाची साखळी नोंदवून ठेवली आहे. जपानी संवर्धित मोती आणि 1929 नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा मोडला, तेव्हा पाणबुड्याच्या हाती काहीच उरले नाही.

तेलाने त्याच्या घराला मोफत शिक्षण आणि औषधोपचार दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु 1950 च्या दशकापासून सरकारने चढ्या भावाने जमिनी विकत घेतल्या, त्याचा मोठा लाभ व्यापारी घराण्यांना झाला. धनको आणि ऋणको यांच्यातील हे अंतर झाकण्यास गलबताचे चित्र फार सोयीचे होते. आपण सारे पूर्वीपासून एकाच नावेतले, असे ते सांगते. उचल कोणी दिली आणि बुडी कोणी मारली, हे ते सांगत नाही.

या नावेत कोणास जागा आहे, हे मात्र कायद्याने काटेकोरपणे ठरविले आहे. 1959 च्या कायद्यानुसार 1920 पूर्वीपासून वस्ती करून राहिलेले तेच मूळ कुवेती. आज तेथील लोकसंख्येपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे परकीय आहेत आणि त्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. 'कफाला' पद्धतीने कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. येथील दलालाची रक्कम भागविण्यासाठी अनेकजण कर्ज काढूनच विमानात बसतात. उचल घेऊन गलबतावर चढणाऱ्या पाणबुड्याहून ही स्थिती कितीशी निराळी? 12 जून 2024 रोजी मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून सुमारे पन्नास माणसे मेली. त्यांत सुमारे 45 भारतीय होते आणि त्यांपैकी सुमारे निम्मे केरळचे. ज्या किनाऱ्यावरून एके काळी गलबताचे लाकूड गेले, तेथूनच आता माणसे जातात.

परंपरेचा अभिमान बाळगण्यास समाजवाद्यांचा विरोध नाही. परंतु राष्ट्राने गलबत मिरवावयाचे असेल तर त्यावरील कर्जाची वहीही उघडली पाहिजे. भारत सरकारने मृतांचे देह विमानाने आणले. जिवंत कामगारांच्या हक्कांसाठीही तितकीच तत्परता दाखविणे त्याचे कर्तव्य आहे. दलालांच्या लुटीला आळा, मालक बदलण्याचा अधिकार आणि राहण्यास सुरक्षित जागा या मागण्या कुवेतइतक्याच दिल्लीच्या दारातही मांडल्या पाहिजेत. आखातात माणसे पाठविणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात ते काम कार्यकर्त्यांची वाट पाहत आहे.