मुद्दाम बिघाड घडवण्याचं करिअर आणि आपली प्रयोगवही



दहावी-बारावीचा निकाल लागला की "सर, कॉम्प्युटरमध्ये कशाला स्कोप आहे?" हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तरात ॲप, वेबसाइट, एआय अशी नेहमीची नावं येतात. आज जरा वेगळ्या कामाबद्दल बोलू. या कामात चांगली चाललेली यंत्रणा मुद्दाम थोडी बिघडवून पाहतात. त्याला 'केऑस इंजिनिअरिंग' म्हणतात. माझं मत आधीच सांगतो. या कामाला कोडिंगच्याही आधी प्रामाणिक निरीक्षण लागतं, आणि नेमकी तीच सवय आपण शाळा-कॉलेजात मोडून काढतो.

हे काम आहे तरी काय?

ऑगस्ट 2008 मध्ये नेटफ्लिक्सच्या डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला. तेव्हा ही कंपनी पोस्टाने डीव्हीडी पाठवायची. तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने आपली यंत्रणा हळूहळू ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेली. तिथे हजारो सर्व्हर असतात आणि त्यातला एखादा कधीही बंद पडू शकतो. मग त्यांनी 'केऑस मंकी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो चालू सर्व्हरपैकी कुठलाही एक अचानक बंद करतो. तेही कामाच्या वेळेत, म्हणजे दुरुस्तीला माणसं हजर असतात. रात्री दोन वाजता बिघडण्यापेक्षा दुपारी आपल्या डोळ्यांसमोर बिघडलेलं बरं, हा साधा हिशोब. 2012 मध्ये हा प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. 24 फेब्रुवारी 2021 रोजी तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी साधारण पावणेबाराला थांबले, ते पावणेचारला सुरू झाले. पुढे 2 मार्च 2024 ला, शनिवारी, बाजार खास उघडला गेला. कशासाठी? व्यवहार चालू असतानाच मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर जाता येतं का, हे पाहण्यासाठी. पर्यायी केंद्र कागदावर असणं वेगळं आणि त्यावर खरे सौदे करून पाहणं वेगळं, बरं का!

बॅकअप होता, पण...

31 जानेवारी 2017 ची गोष्ट. गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने उशिरापर्यंत काम करताना चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसच पुसला गेला. चूक कुणाच्याही हातून होते. खरा धक्का पुढेच होता. माहिती जपून ठेवण्याच्या त्यांच्या पाच व्यवस्था होत्या, पण त्यातली एकही धड कामी आली नाही. रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता. तो होत नसल्याच्या सूचनेचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. एका कर्मचाऱ्याने सहा तास आधी वेगळ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती म्हणून निभावलं. तरी त्या सहा तासांतली माहिती गेलीच. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं. म्हणून आज ते आपल्याला शिकायला मिळतं.

"बॅकअप आहे ना?" "आहे." एवढ्यावर सगळे समाधानी होते. परत मिळवून पाहिला का, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता आपली प्रयोगवही उघडा

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. केऑस इंजिनिअरिंगची रीत जवळपास हीच आहे. आधी सगळं सुरळीत असताना आकडे काय असतात ते लिहायचं. मग अंदाज बांधायचा, "हा सर्व्हर बंद पडला तरी ग्राहकाला कळणार नाही." मग एकच बिघाड, यंत्रणेच्या छोट्याशा भागात घडवायचा. थांबवायचं बटण हाताशी ठेवायचं. जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदवायचं. अंदाज चुकला तर कमाई झाली, कारण खरी आपत्ती यायच्या आधी कच्चा दुवा सापडला.

आणि आपण काय करतो? अकरावीच्या प्रॅक्टिकलला साधा दोलक असतो. 'जी'ची किंमत 9.8 यायला हवी हे सगळ्यांना आधीच ठाऊक. मग उत्तरावरून उलटं गणित करून निरीक्षणं भरायची! अशा वह्यांवर मीही सह्या केल्या आहेत, हे कबूल करतो.

एकदा एका मुलीने 10.8 लिहून आणलं. "सर, खोडू का?" म्हणाली. मी तिला पुन्हा मोजायला लावलं. स्टॉपवॉच सुरू करतानाच ती 'एक' म्हणत होती, 'शून्य' नाही. त्यामुळे वीस दोलनं समजून ती एकोणीसच मोजत होती. इतरांच्या वहीत 9.8 होतं, पण मोजायला कुठे चुकतं हे त्या दिवशी फक्त तिला कळलं. आकडा खोडला असता तर तिलाही कळलं नसतं.

या वाटेने जायचं असेल तर

'केऑस इंजिनिअर' या नावाच्या जागा थोड्या असतात. हे काम बहुधा साइट रिलायबिलिटी इंजिनिअर, डेव्हऑप्स किंवा परफॉर्मन्स टेस्टिंगच्या नोकरीतच येतं, त्यामुळे नावाच्या मागे लागू नका. पॉलिटेक्निक, बीएस्सी, बीसीए, इंजिनिअरिंग, कुठूनही येता येतं. लिनक्स, नेटवर्किंग, डेटाबेस आणि पायथन हा पाया. त्यावर डॉकर आणि कुबरनेटीस. 'लिटमस' हे याच कामाचं मोफत, खुलं साधन आहे. सुरुवात घरच्या लॅपटॉपवर करा. छोटी वेबसाइट बनवा, तिचा डेटाबेस बंद करा आणि वापरणाऱ्याला काय दिसतं ते वहीत लिहा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या यंत्रणेला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार तो गुन्हा ठरू शकतो. आणि या नोकरीत रात्री-अपरात्री फोन वाजतो, त्याचीही तयारी हवी.

पालकांनो, "टेस्टिंग म्हणजे दुय्यम काम" असं मुलांना सांगू नका. शेवटच्या तारखेला फॉर्मची वेबसाइट बंद पडते आणि एखाद्या मुलाचं वर्ष टांगणीला लागतं, तेव्हा हे काम कुणीतरी नीट केलेलं नसतं.

आणि शिक्षक मित्रांनो, या वर्षी वहीत 10.8 दिसलं तर लाल रेघ मारण्याआधी "कसं आलं?" एवढं जरूर विचारूया.