अंगठ्याचा भाव

अंगठा गेला तर ३० टक्के. पुरी तर्जनी गेली तर १४. मधलं बोट १२, करंगळी ७. चारही बोटं एकदम गेली तर ५०, पंजाच गेला तर ६०. दोस्तांनो, ही खाटकाच्या दुकानातली पाटी नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं परिशिष्ट आहे. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाली. पण तुटलेल्या बोटाचा हिशेब अजून टक्क्यांतच.

एकलव्याचा अंगठा तर फुकटात गेला. त्या मानाने कायदा बरा, एवढं मी मानतो. पण टक्के कशाचे? पगाराचे. जुन्या कायद्याची रीत बघा. पगाराचे ६० टक्के काढा, वयाच्या आकड्याने गुणा (पंचविशीला तो २१६.९१), त्यातले ३० टक्के म्हणजे अंगठा. पगार १५ हजार धरला तर ५,८५,६५७ रुपये. मुकादमाने कागदावर ८ हजार लावले असतील तर त्याच अंगठ्याचे ३,१२,३५०. आणि हजेरीपटावर नावच नसेल तर? आधी तू कामावर होतास हेच सिद्ध कर, मग अंगठ्याचं बोल.

गोदीत माझ्या टोळीतल्या एकाचा अंगठा विंचच्या वायरीत गेला. मुकादमाने हातावर पाच हजार ठेवले आणि 'तक्रार नाही' असल्या कागदावर दुसऱ्या हाताचा, उरलेला अंगठा उठवून घेतला. पोरगा गप्प. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा असला करार कायद्याने रद्दबातल आहे. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाच्या मानेवर देणं राहतंच. आणि मेलेल्याला दारुडा ठरवूनही मालक सुटत नाही, मृत्यूला ती सबब चालत नाही.

आपल्यातले काही विद्वान म्हणतात, भरपाई म्हणजे भीक, मागायची तर क्रांती मागा. त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत.

गटाराचंच घ्या. माणसाला असं आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मरणाचे १० लाख ठरवले, २० ऑक्टोबर २०२३ ला ३० लाख केले, कायमचं अपंगत्व आलं तर २० लाख. आकडा वाढला. उतरणाऱ्याची जात तीच राहिली. पण म्हणून ते ३० लाख त्याच्या विधवेने सोडायचे? साला, का सोडायचे?

तेव्हा कविता लिहा, मोर्चे काढा, आणि वस्तीत एक वही पण घाला. कोण कुठल्या ठेकेदाराकडे, कधीपासून, रोज किती. हजेरीचा, गेटपासचा फोटो आजच मोबाईलात काढून ठेवा, हात तुटल्यावर कुणी काढू देत नाही. अपघात झाला की त्याच दिवशी लेखी नोटीस द्या, पोच घ्या. दवाखान्याच्या कागदावर 'कामावर असताना' हे शब्द आलेच पाहिजेत. डॉक्टरने नुसतं 'पडून जखम' लिहिलं, तर तिथून हलू नका.