टाळ्या कोणासाठी?

कंधारचा किल्ला पाहावयास मुलांना नेले, की त्या रुंद खंदकाशी उभे राहून ती हमखास विचारतात, ‘येथे किती शत्रू मेले?’ किती माणसे मेली, असे कोणी विचारीत नाही. गेल्या सुटीत भाच्यासमवेत ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९९७) हा चित्रपट पाहताना त्या प्रश्नाची आठवण झाली.

दिग्दर्शक पॉल व्हर्होवेन यांचे बालपण नाझी अंमलाखालील हेग शहरात गेले. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ च्या कादंबरीवर त्यांनी हा चित्रपट काढला, तो तिच्यातील लष्करभक्तीला वेडावून दाखविण्यासाठी. मताचा अधिकार सेवा बजावणाऱ्यालाच, बातमीपत्र म्हणजे सैन्यभरतीची जाहिरात (आपल्या वृत्तवाहिन्या तरी युद्धाच्या दिवसांत निराळे काय करतात?), तरुण सारे देखणे आणि विचारशून्य, गणवेश नाझी वळणाचे. आणि शत्रू? अवाढव्य किडे. किड्याला आई नसते, म्हणून त्याला मारताना हात थरथरत नाही. अखेरीस पकडलेला किडा भयभीत झाला आहे असे कळताच सारे सैन्य जल्लोष करते. भाचाही टाळ्या पिटू लागला.

१९९७ मध्ये अनेक समीक्षकांनी या चित्रपटालाच फॅसिस्ट ठरविले. उपहास फसला, असे आजही काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. प्रेक्षकाला टाळ्या वाजविताना पकडणे, हाच त्या उपहासाचा हेतू आहे.

परग्रहावरची गोष्ट म्हणून हात झटकू नयेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रणगाड्यांसह सैन्य निजामाच्या राज्यात शिरले. नाव मात्र ‘पोलीस कारवाई’! रझाकारांचा जुलूम खरा होता, मुक्ती न्याय्यच होती. परंतु सरकारनेच धाडलेल्या सुंदरलाल समितीने त्या कारवाईत व तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत आमचा नांदेड होता. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. मेलेले सारे रझाकार होते काय? तो शब्द एकदा चिकटविला, की पुढे विचारावयाचे काही उरत नसे.

हे सारे भाच्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता.

‘मामा, मग १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जायचे नाही का?’

‘जायचे,’ मी म्हटले. ‘मीही जातो.’