डब्याचं काय?

आमच्या मोताळ्याच्या कॉलेजात मुलींचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणायचं आपलं. ना फलक, ना पावतीपुस्तक. लेडीज रूमच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि दोनशे पानी वही, एवढीच त्याची मालमत्ता. धामणगाव बढे, शेलापूर, रोहिणखेड, पिंपळगाव देवी अशा गावांहून एसटीने येणाऱ्या मुलींनी महिन्याला वीस वीस रुपये टाकत तो डबा चालवला आहे. कुणाचा पास संपला, कुणाची परीक्षा फी राहिली, की डबा उघडतो. सीनियर मुली जाताना पुस्तकं ठेवून जातात, ती पुढच्यांना मिळतात. मी निवृत्त झाले तरी वर्षातून दोनदा वही बघायला मला बोलावतात. वहीत चूक सापडली तर चहा त्यांच्याकडून, नाही सापडली तर माझ्याकडून. आजवर बहुतेक वेळा पैसे मीच दिलेत.

गेल्या महिन्यात एका अखिल भारतीय महिला संघटनेचं पत्र आलं. तुमचं काम चांगलं आहे, आमची शाखा व्हा. प्रशिक्षण मिळेल, शिष्यवृत्त्या मिळतील, अधिवेशनाला दोन प्रतिनिधी पाठवता येतील. बदल्यात दरडोई वर्गणी, ठरलेली घटना, ठरलेलं नाव आणि बँकेत खातं. मुली हरखल्या. दिल्लीचं अधिवेशन म्हटल्यावर कोण हरखणार नाही? ज्या मुलींना राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं तरी घरी दोन दिवस आधी विचारावं लागतं, त्यांना दिल्ली!

‘‘मॅडम, मंग आपलं नाव राहीन का?’’ एकीने विचारलं.

‘‘आपल्याले नावच कुठी हाय वं?’’ दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

माझी भाची अमेरिकेत शिकायला होती. तिथे कॉलेजातल्या मुलींच्या अशा मंडळांना ग्रीक अक्षरांची नावं असतात. एकाच कॉलेजापुरतं असलेलं मंडळ मोठ्या राष्ट्रीय संस्थेत गेलं, की जुनं नाव सोडून संस्थेचं नाव घेतं आणि तिची शाखा होतं. त्यावर तिथल्या मुली महिनोन् महिने वाद घालतात म्हणे. मला तेव्हा गंमत वाटली होती. एवढ्याशा नावासाठी?

पण अशा संलग्नतेची एक गोष्ट आपल्याकडचीच आहे. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि विधवांसाठी शाळा काढायची म्हणून तिथे गावोगाव बोलत फिरल्या. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिच्याशी जोडलेली ‘रमाबाई सर्कल्स’ शहराशहरांत निघाली. कॉर्नेल विद्यापीठातही विद्यार्थ्यांचं एक होतं. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. या थेंबाथेंबावर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. तेव्हा इथल्या कुणी एवढे पैसे दिले असते, असं मला तरी वाटत नाही.

पैशाबरोबर अट आली: सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं. अट वाईट नव्हती. खरं तर इथल्या पालकांना तिचाच भरवसा होता. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्यांच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तर ती तटस्थता मोडली का? 1893 मध्ये याच प्रश्नावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि कितीतरी मुली घरच्यांनी काढून नेल्या. बोस्टन रमाबाईंच्या पाठीशी राहिलं. पण एव्हाना मुंबईहून हललेली शाळा पुण्यात, पेटीची किल्ली बोस्टनला आणि मधे आठवडे घेणारी बोट. कोण बरोबर, हा वाद इतिहासकारांनी घालावा. माझं लक्ष जातं ते त्या अंतराकडे.

कारण परीक्षा फॉर्मचा शेवटचा दिवस मला आठवतो. रोहिणखेडची एक मुलगी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभी, विलंब शुल्काचे शंभर रुपये कमी, खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं. डबा सांभाळणारी मुलगी पळत गेली, पळत आली, पैसे हातावर ठेवले. वहीत सही दुसऱ्या दिवशी झाली. उद्या खातं बँकेत गेलं, अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्यांचं झालं, तर त्या वीस मिनिटांत काय होणार? अध्यक्षीणबाई शेतात कपाशी वेचायला गेलेल्या असल्या तर?

म्हणून जाऊ नका, असं मी म्हटलं नाही. 1927 च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तीही ठिकठिकाणच्या लहान परिषदांनी आपले प्रतिनिधी पाठवले म्हणूनच. गावात बसून शिष्यवृत्त्यांची माहिती मिळत नाही, हेही खरंच. आमची आम्ही नोंदणी करू म्हटलं तर 1860 च्या कायद्याने सात जणी पुरतात. पण धर्मादाय कचेरीचे हेलपाटे आणि दरवर्षीचे हिशेब कोण करणार? मुली तीन वर्षांत पास होऊन निघून जातात, लग्नं होतात.

गेल्या शनिवारी आम्ही उत्तर लिहायला बसलो. शाखा व्हायला तयार आहोत, वर्गणी भरू, नाव तुमचं लावू. फक्त डबा खात्यात जाणार नाही, तो इथेच राहील. यावर कुणाचंच दुमत नव्हतं. अडलं ते शब्दावर. डब्याला पत्रात काय म्हणायचं? एकीने ‘स्थानिक आकस्मिक निधी’ सुचवलं. अक्षर सुरेख असलेल्या मुलीने ते लिहिलंही. मग सगळ्यांनी वाचून बघितलं, कुणाला ते आपलं वाटेना. तिने त्यावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘डबा’. आणखी एक बारीकसं वाक्य जोडलं: यातले पैसे देताना सही नंतर घेतली जाते.

तेवढ्यात मलकापूरच्या गाडीची वेळ झाली आणि अर्ध्या मुली दप्तरं उचलून पळाल्या. पत्र माझ्या पर्समध्ये आहे. दोघींच्या सह्या राहिल्यात.