बकडन पाइकवरचा कोल्हा

इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स भागात बकडन पाइक नावाचा 702 मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ एक दगडी क्रूस उभा आहे. त्याच्या चौथऱ्यात विमानाच्या सांगाड्याचे तुकडे बसवले आहेत आणि त्यांच्यासोबत ब्रॉंझमध्ये घडवलेले कोल्ह्याचे छोटेसे मुख आहे. दुसऱ्या महायुद्धात याच जागी मरण पावलेल्या पाच पोलिश हवाई सैनिकांचे हे स्मारक.

जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने 1939 मध्ये पोलंड वाटून घेतला, तेव्हा तिथले हजारो सैनिक मिळेल त्या वाटेने ब्रिटनला पोहोचले. त्यांच्यातल्या बॉम्बफेकी विमानांच्या चमूंना ब्रॅमकोटच्या तळावर प्रशिक्षण मिळे. जानेवारी 1942 च्या अखेरीस तिथून सरावासाठी निघालेले एक वेलिंग्टन विमान हिमवादळात सापडले आणि बकडन पाइकवर आदळले. शेपटाकडची मशीनगन सांभाळणारा जो फुस्नियाक पाय जायबंदी होऊनही वाचला. आणखी एका सोबत्याची धुगधुगी उरली होती. त्याच्यासाठी मदत आणायला फुस्नियाक निघाला, पण बर्फात दिशाच कळेना. तेवढ्यात त्याला कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. अशा हवेत कोल्हा अन्नासाठी वस्तीकडेच जाणार, हा त्याचा तर्क अचूक ठरला. सरपटत तो क्रे या वाडीपर्यंत पोहोचला. वादळामुळे मदत मात्र वेळेत वर जाऊ शकली नाही.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे 55 हजारांहून अधिक जण युद्धात कामी आले. त्यांतले हजारो शत्रूपर्यंत पोहोचलेच नाहीत. ते सरावात गेले. प्रशिक्षणाला बहुधा वापरून जुनी झालेली विमाने मिळत, आणि अनोळखी डोंगराळ मुलुखावरून ढगांत व अंधारात उड्डाण करावे लागे. मोहिमांच्या इतिहासात या मृत्यूंना जेमतेम एखादी ओळ मिळते. हा अन्याय आहे. सराव हाही युद्धाचाच भाग होता, आणि तो करणाऱ्यांनी पत्करलेला धोका तितकाच खरा होता. गावोगावची अपघातस्थळांवरची स्मारके म्हणूनच जपायला हवीत.

युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि असंख्य पोलिश सैनिक ब्रिटनमध्येच राहिले. फुस्नियाकही त्यांपैकी एक. बकडन पाइकवरचा क्रूस 1973 मध्ये त्यानेच उभारला. त्याच्या पाच सोबत्यांचे दफन नॉटिंगहॅमशायरमधील न्यूअर्क येथील दफनभूमीत झाले आहे. 1943 मध्ये जिब्राल्टरजवळ विमान अपघातातच मरण पावलेले पोलंडचे निर्वासित पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांचे अवशेषही 1993 मध्ये मायदेशी नेले जाईपर्यंत तिथेच होते.