न फिटणारी ऋणे

आपल्याकडच्या कोणत्याही सभेत एक क्षण असा येतो की श्रोत्यांना एकाएकी आपापल्या चपलांची आठवण होते. तो क्षण म्हणजे आभारप्रदर्शनाचा. अध्यक्ष कितीही लांबले तरी माणसे बसून राहतात. परंतु 'आता आभार मानण्याचे गोड काम' हे शब्द कानी आले रे आले की खुर्च्या करकरू लागतात. दिवाबत्तीवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत साऱ्यांचे आभार मानले जातात, आणि ते ऐकायला शेवटी मंडपवालाच तेवढा उरतो. त्यालाही खुर्च्या मोजून न्यायच्या असतात म्हणून!

यावरून मराठी माणूस कृतघ्न आहे असे मात्र कोणी समजू नये. आपण घरात आभार मानीत नाही, कारण घरच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला परके करणे. आईने पानात गरम भाकरी वाढली आणि चिरंजीव 'आभारी आहे' म्हणाले, तर ती माउली आधी कपाळाला हात लावून ताप पाहील. घराबाहेर गोष्ट निराळी. तिथे आपली भाषाच आपल्याला सावध करते. उपकाराचे ओझे होते, त्याखाली माणूस दबतो, मिंधा होतो. ऋण डोक्यावर चढते आणि ते फेडल्याशिवाय सुटका नसते. थोडक्यात, उपकार ही सावकाराच्या पेढीवरची चीज झाली. हातात पडली की व्याज सुरू!

हे सारे मनात आले ते एका निबंधामुळे. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी यंदा विषय दिला होता, 'माझ्यावरील ऋणे'. आपल्या परंपरेने तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. वर्गात हे सांगून झाले होते, त्यामुळे बहुतेकांनी तीन परिच्छेद पाडले आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हे ऋण मी फेडीन' असे वचन दिले. मुलांचा उत्साह पाहता येत्या दहा वर्षांत देव, ऋषी आणि पितर तिघांचीही खाती बेबाक होतील यात मला शंका उरली नाही.

एका मुलीने मात्र शेवटी लिहिले होते : 'ही ऋणे फिटणार नाहीत. म्हणून मी उपकारस्तुती करते.'

ही मुलगी ख्रिस्ती. आमच्या नगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावची. वडील एस.टी.त कंडक्टर, आई शिवणकाम करते, घरात आजी. तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. नाव तेवढे माझ्यापाशीच राहू द्या.

पितृऋणाच्या ठिकाणी तिने आजीला बसवले होते. आजीनेच तिला अक्षर ओळखायला शिकवले, आणि तेही 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकावरून. रात्री जेवणाआधी आजी प्रार्थना करी. ही प्रार्थना म्हणजे त्या दिवशी मिळालेल्या गोष्टींची यादी. विहिरीला पाणी आहे, शेळी व्याली, नातीला गणितात पास केले, इतकेच काय, सहाची एस.टी. वेळेवर आली, याबद्दलही देवबापाचे उपकार! यादी संपेपर्यंत कालवण गार होई आणि पोरे एक डोळा उघडून भाकरीच्या टोपल्याकडे पाहत राहत.

मग २०२१ साल आले. ऑक्टोबरच्या अखेरीला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. ही तेव्हा नववीत होती. घरात पगार येईना. आईच्या यंत्रावर चूल चालू लागली. त्या दिवसांत मुलीला वाटले, आता तरी आजीची यादी आखूड होईल आणि जेवण गरम मिळेल. पण यादी होती तेवढीच राहिली. फक्त सहाच्या एस.टी.ची जागा बदलली. आजी म्हणू लागली, 'लेक घरी आहे, पोरांना बाप दिवसभर दिसतो, याबद्दल तुझे उपकार.' मुलीने लिहिले आहे की त्या वेळी तिला आजीचा राग आला होता. आपल्याकडे काय नाही, हे म्हातारीला दिसतच नाही का? पुढे कळले की, म्हातारीला सगळे दिसत होते. पहाटे उठून ती वाण्याच्या उधारीचा हिशेब जुन्या वहीत मांडीत असे. हिशेबाची वही वेगळी आणि प्रार्थना वेगळी, एवढा फरक तिला कळत होता.

दुसरे ऋण शाळेचे. ही मुलगी मिशनच्या शाळेत, बोर्डिंगात राहून शिकली. तिने शाळेच्या दगडी इमारतीचे किंवा घंटेचे वर्णन केलेले नाही. लिहिले आहे ते एका बाईंविषयी. या बाई ख्रिस्ती नव्हत्या. गणपती बसले की त्यांच्या घरचे मोदक बोर्डिंगात येत. वक्तृत्वस्पर्धेला जायला मुलीपाशी बरे कपडे नव्हते, तेव्हा बाईंनी आपली साडी तिला नेसवली आणि निऱ्यांना दोन जास्तीच्या पिना लावून दिल्या. बक्षीस काही मिळाले नाही. साडी परत करताना मुलगी पाया पडू लागली तेव्हा बाई म्हणाल्या, 'माझ्या पाया पडू नकोस. पुढच्या वर्षी तिसरीतल्या पोरींना भाषण बसवून दे.'

हा निबंध मी वर्गात वाचून दाखवला. मुले मन लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने हात वर केला. मुलगा कुचकट नव्हे. मनात आले ते बोलणारा. म्हणाला, 'सर, यांच्या लोकांवर गोऱ्या मिशनऱ्यांचे उपकार. मग यांना मिंधे वाटत नाही?'

वर्ग गप्प झाला. प्रश्न जुना आहे आणि ख्रिस्ती मुलांना तो कुठे ना कुठे ऐकावाच लागतो. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात मिशनऱ्यांनी या भागात मदतकार्य केले आणि पुढे पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, हा इतिहास आहे. त्यावरून 'धान्यासाठी धर्म घेतला' असे टोमणे पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले.

मुलगी उभी राहिली. आवाज जरा कापत होता. म्हणाली, 'सर, आमच्या माणसांनी धान्य खाल्ले असेल. भुकेल्याने खाल्ले, त्यात लाज कसली? पण धान्य सहा महिन्यांत संपते. त्यानंतर आमची आजी रोज प्रार्थना करते, ती काय त्या धान्याची करते?'

यावर मी काय बोलणार! मी फक्त त्या मुलाला विचारले, 'बाबा रे, १९७२च्या दुष्काळात तुमच्या घरी काय खात होते?' त्याने आजोबांकडून ऐकलेले होते. आजोबांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीही खाल्ल्या होत्या. साऱ्या महाराष्ट्राने खाल्ल्या. त्यामुळे आपण कोणी अमेरिकेचे मिंधे झालो नाही आणि त्या भाकरीला नावे ठेवण्याचेही कारण नाही. मुलगा हसला. 'मिलो फार कडक असायची म्हणतात,' एवढेच म्हणाला आणि खाली बसला.

उपकार घेणारा माणूस विकला जातो, ही समजूतच मुळात खोटी आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मिशनने चालवलेल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात आपली मुलींची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. जे चांगले दिसले ते घेतले आणि दुसऱ्यांच्या लेकींना दिले. बाईंनी साडी परत घेताना सांगितले ते याहून वेगळे काय होते?

राहिले देवऋण. आमची ही विद्यार्थिनी ज्या श्रद्धेचे उपकार मानते, त्या श्रद्धेने मराठीचेही उपकार मानले आहेत. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात बसून मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले आणि त्यात त्याने मराठी भाषेची मनमोकळी स्तुती केली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनाचे वळण ख्रिस्ती उपासनेत रुजवले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. चारशे वर्षांचे हे देणेघेणे आहे. त्यात धनको कोण आणि ऋणको कोण, हे आता कोणत्या वहीत पाहायचे?

'उपकारस्तुती' हा शब्द ख्रिस्ती मराठीने जपला आहे. ज्या 'उपकारा'च्या मागे आपण 'ओझे' जोडले, त्याच्यापुढे या मंडळींनी 'स्तुती' जोडली. ऋण फिटत नाही हे एकदा कबूल केले की माणूस खचून बसतो किंवा गाऊ लागतो. आजीने गाण्याचा मार्ग धरला. तिचा देव माझा असो वा नसो, मराठीचा शिक्षक म्हणून या शब्दाबद्दल मी तिचा ऋणी आहे.

वाचकहो, या दिवसांत तुमच्या घरून फराळाची ताटे शेजारीपाजारी गेली असतील. ताट रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपली रीत. संपाच्या वर्षी त्या घरी शेजारून असेच दिवाळीचे ताट आले होते. दर नाताळात आजीही करंज्या-चकल्या करून ते परतवीत असे. त्या वर्षी तेल-साखर कुठली? तिने दारच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा तोडल्या, ताटात नीट रचल्या, वरून विणलेला रुमाल टाकला आणि नातीच्या हाती ताट दिले. शेजारणीने त्या रात्री शेंगांची आमटी केली आणि वाटीभर आमटी पुन्हा यांच्याकडे धाडली.

आता वाटी कोणाकडे राहिली, ते निबंधात लिहिलेले नाही.